दुबार नावं काढायची आहेत : सॉर्ट केल्यावरही जोड्या सुटतात

कार्यवाह_गावचा

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाचं जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, मी तिथला मानद कार्यवाह. पुढच्या महिन्यात वार्षिक सर्वसाधारण सभा आणि तिच्यातच कार्यकारिणीची निवडणूक. सभासदांची एक पक्की यादी हवी आहे आणि हाताशी आहेत तीन. पहिली जुन्या रजिस्टरवरून कधीकाळी श्रीलिपीत (मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये) टाइप केलेली, नंतर कोणीतरी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण संकेतात आणलेली. दुसरी काउंटरवरची एक्सेल. तिसरी गेल्या वर्षी फिरवलेल्या गूगल फॉर्मची. तिन्ही एकाखाली एक चिकटवल्यावर साडेतीन हजारांच्या आसपास ओळी झाल्या. खरे सभासद याहून बरेच कमी आहेत.

नावावर सॉर्ट केलं, 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' चालवलं. मूठभर ओळी गेल्या. पण तंतोतंत सारखी दिसणारी नावं अजून एकाखाली एक बसलेली आहेत. काही जोड्या तर सॉर्ट केल्यावर जवळही येत नाहीत, एक वरच्या टोकाला आणि दुसरी पार तळाला. हे काय गौडबंगाल आहे?

एकाला दोन सूचना गेल्या तर लोक हसून सोडून देतील. पण नाव दोनदा राहून मतदान झालं, किंवा एखादा आजीव सभासद यादीतून गळला, तर सभेत काय होईल ते सांगायला नको.

अनघा_के

पहिलं काम: ती सॉर्ट केलेली फाइल बाजूला ठेवा आणि मूळ तिन्ही याद्यांपासून पुन्हा सुरू करा. चिकटवण्याआधी प्रत्येक यादीला दोन जादा रकाने द्या, 'स्रोत' (रजिस्टर, काउंटर, फॉर्म) आणि 'मूळ क्रमांक'. नंतर कितीही वेळा सॉर्ट केलंत तरी ओळ कुठून आली हे कळेल आणि पुन्हा मूळ क्रमाने लावता येईल.

दुसरं, 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' चालवताना सगळे रकाने निवडले होते का? फक्त नावाचा रकाना सिलेक्ट करून, सिलेक्शन न वाढवता चालवलं, तर एक्सेल त्या रकान्यातल्या पेशी वर सरकवतं आणि शेजारचे रकाने जागच्या जागी राहतात. म्हणजे नाव एकाचं, मोबाइल दुसऱ्याचा. कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण यादी दिसायला छान दिसते.

ते बटण तारखा-आकडे ज्या रूपात दिसतात त्याची तुलना करतं, हेही लक्षात असू द्या. ५/४/२०१९ आणि ५ एप्रिल २०१९ या एकाच दिवसाच्या दोन नोंदी त्याच्या लेखी वेगळ्या. सगळे रकाने तपासायला लावले असतील तर जन्मतारीख नाहीतर प्रवेशतारीख वेगळ्या फॉरमॅटमध्ये असल्यानेच निम्म्या जोड्या सुटल्या असतील.

कार्यवाह_गावचा

@अनघा_के, सगळी यादी निवडून केलं होतं, त्यामुळे सरमिसळ झालेली नाही. तारखांचं मात्र खरं आहे, तीन याद्यांत तीन तऱ्हा आहेत. पण फक्त नाव आणि पत्त्यावर चालवलं तरी सारखी दिसणारी नावं राहतातच.

शब्दखूळ

सारखी दिसतात, आतून सारखी नाहीत. एक प्रयोग करा. त्या जोडीच्या शेजारी 'लेन'चं सूत्र लावा (मजकुरात किती वर्ण आहेत ते मोजतं) आणि आकडे बघा.

तुमच्या यादीत वकील असतीलच. ॲड. हे तीन प्रकारे टाइप होतं. आजच्या कीबोर्डवरून येणारा ॲ हा एकसंध वर्ण आहे, युनिकोडमध्ये तो २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र द्यायचे: अॅ. काही सॉफ्टवेअरमध्ये तो चंद्र अ वर नीट बसेना, म्हणून मधे एक न दिसणारा जोडक घालायचे: अ‍ॅ. बिंदू धरून 'लेन' अनुक्रमे ३, ४ आणि ५ येईल. वाचणाऱ्याला एकच शब्द, संगणकाला तीन.

तुमचं दुसरं कोडंही यातच आहे. वर्णांच्या नुसत्या क्रमांकाने सॉर्ट होत असेल तर जुन्या पद्धतीचा अॅ हा अ पासून सुरू होतो, म्हणून वर जातो. एकसंध ॲ ला मात्र क्रमांक मिळालाय तो ह च्या पुढे, मात्रांच्याही पुढे, देवनागरी अंकांच्याही पुढे. म्हणून एक वकील यादीच्या डोक्यावर आणि तोच वकील यादीच्या पायथ्याशी. सॉर्ट करून शेजारची ओळ तपासायची ही पद्धत इथेच गारद होते, कारण ती ओळ शेजारी आलेलीच नसते.

आडनावांत हा घोळ गोऱ्हे, कऱ्हाडे, वऱ्हाडकर यांच्या वाट्याला येतो. ऱ हा एक स्वतंत्र वर्ण. तोच र खाली नुक्ता (टिंब) देऊनही बनतो. आणि इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींचा प्रमाण कीबोर्ड) सोडून इतर कीबोर्डवाले बरेचदा र, हलन्त आणि तो न दिसणारा जोडक असं लिहितात. गोऱ्हे ६ वर्णांचं निघेल नाहीतर ७ वर्णांचं.

आणि श्रीलिपीहून आलेल्या यादीत 'काेल्हापूर' शोधा. त्यात काना आणि मात्रा सुटे आहेत, ओ ची एकच खूण नाही. 'अाजीव' मधला आ सुद्धा अ अधिक काना असा असू शकतो. बऱ्याच फॉन्टांत फरक दिसतच नाही.

यातलं कोणतं सॉफ्टवेअर किती माफ करतं हे प्रत्येकाचं वेगळं आहे. एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रे ऑफिस, डेटाबेस, कोणाच्याच भरवशावर राहू नका.

टवाळ_टोपीवाला

म्हणजे गोऱ्हे काकूंना दोन मतं आहेत आणि त्यांना पत्ताच नाही!

कार्यवाह_गावचा

@शब्दखूळ, लेन लावलं. अक्षरशः थक्क झालो. काउंटरवरच्या यादीतले ॲड. ३, फॉर्ममधले ३, आणि रजिस्टरमधले काही ४ तर काही ५! मग आता हे सगळं हाताने दुरुस्त करायचं?

शब्दखूळ

हाताने अजिबात नको. आणि मूळ नावाच्या रकान्यालाही हात लावू नका. शेजारी 'जुळणी' नावाचा नवा रकाना करा, त्यात नाव सूत्राने एका साच्यात आणा. तुलना, सॉर्ट, सगळं त्या रकान्यावर. छापायचं मूळ नाव.

'सब्स्टिट्यूट' (एका मजकुराच्या जागी दुसरा घालणारं सूत्र) एकात एक घालत जा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी र + हलन्त + जोडक याच्या जागी ऱ + हलन्त. जोडक लिहायला युनिकार(८२०५), एक्सेल २०१३ पासून हे सूत्र आहे. मग र + नुक्ता याच्या जागी ऱ. मग अ + जोडक + चंद्र आणि अ + चंद्र या दोन्हींच्या जागी ॲ. सुटा काना-मात्रा असेल तिथे ओ ची खूण, अ अधिक काना असेल तिथे आ. हे सगळं झाल्यावरच उरलेले जोडक (८२०५) आणि विजोडक (८२०४) उडवा. आधीच जोडक उडवलेत तर गोर्‍हे चा गोर्हे होतो, रफार डोक्यावर चढतो आणि तो मग कशाशीच जुळत नाही.

युनिकोडचं प्रमाणीकरण करणारी तयार साधनं असतात, पण ती र + नुक्ता यांना ऱ करतील, एवढंच. अ + चंद्र आणि ॲ यांना युनिकोड समान मानतच नाही, सुट्या काना-मात्रेलाही नाही. ते तुम्हालाच करावं लागणार.

अनघा_के

+१. भर घालते: शेवटी 'ट्रिम', म्हणजे जादा स्पेस काढणारं सूत्र. पण वेबपेजवरून किंवा व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस येते (क्रमांक १६०), तिला ट्रिम हात लावत नाही. आधी तिच्या जागी साधी स्पेस घाला. आणि मोबाइल नंबरात देवनागरी अंक असतील तर ते दहाही अंक बदलून घ्या. फॉर्म भरणाऱ्यांनी +९१, ०, मधे स्पेस, डॅश असं काय काय घातलेलं असतं. उजवीकडचे दहा अंक तेवढे ठेवा.

तालुकाकर

मोबाइलवर दुबार काढू नका, एवढंच सांगतो. गावाकडे एका नंबरवर अख्खं घर असतं. नवरा, बायको, बालविभागातली दोन पोरं, सगळ्यांच्या पुढे एकच नंबर. मोबाइल हा रकाना धरून बटण दाबलं की चारांतला एक उरतो, आणि बहुतेक वेळा तो नवराच असतो कारण त्याची ओळ पहिली.

दुसरं, ज्यांच्याकडे खाते क्रमांक असतात त्यांनी जपून. आमच्या भागातल्या एका संस्थेच्या अनुदान यादीत 'काउंटइफ' (एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारं सूत्र) लावून दुबार खाती शोधली होती. खाते क्रमांक १६ अंकी, नीट टेक्स्ट म्हणून टाकलेले. तरी धडाधड दुबार निघाले. कारण काउंटइफ टेक्स्टलाही आकडा समजून बघतं आणि एक्सेलचा आकडा १५ अंकांपर्यंतच खरा. सोळावा अंक गेला की शेवटच्या अंकाने वेगळी असलेली दहा खाती त्याला एकच दिसतात. एकाच शाखेत ओळीने उघडलेली खाती नेमकी अशीच असतात. माणसं वेगळी, गावं वेगळी, पैसे अडकले सगळ्यांचे. अशा ठिकाणी 'समप्रॉडक्ट' लावून थेट बरोबरीची तुलना करावी, ते टेक्स्टला टेक्स्टच धरतं.

जुना_मेनफ्रेमी

धागा उशिरा दिसला. माझं आयुष्य मेनफ्रेम म्हणजे मोठ्या संगणकांवर, कोबोल आणि जेसीएल मध्ये गेलं, तेव्हा माझ्या चष्म्यातून सांगतो.

सॉर्ट करताना दुबार गाळणं हा आमच्याकडे रोजचा धंदा. डीएफसॉर्ट या मेनफ्रेमवरच्या सॉर्टच्या प्रोग्रॅममध्ये कार्ड (म्हणजे आज्ञेची ओळ) लिहायचं 'सम फील्ड्स इक्वल टू नन', की ज्या चावीवर, म्हणजे ओळीच्या ज्या भागावर, सॉर्ट केलं ती सारखी असलेल्या ओळींतली एकच बाहेर येते. नवीन पोरं खूश. पण यात दोन खड्डे आहेत.

एक, तुलना फक्त चावीची होते. पहिले दहा अक्षर चावी म्हणून दिलेत तर पुढच्या सत्तर अक्षरांत काय फरक आहे हे सॉर्ट बघतच नाही. युनिक्सच्या सॉर्टला 'यू' हा दुबार गाळायचा पर्याय लावून चावी दिली तरी हेच. आणि युनिक्सचीच नुसती 'युनिक' ही आज्ञा वापरलीत तर ते फक्त लागोपाठच्या ओळी बघतं, आधी सॉर्ट केलेलं नसेल तर लांबलांबच्या जोड्या तशाच राहतात.

दोन, सारख्या चावीच्या ओळींतली कोणती राहील? 'इक्वल्स' हा पर्याय चालू असेल तर इनपुटमध्ये आधी आलेली राहते. नसेल तर कोणतीही. आज एक, उद्या दुसरी. चाचणीत बरोबर आलं म्हणून प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष कामात, तसंच येईल याची हमी नाही.

म्हणून आम्ही गाळलेल्या ओळी कधी फेकत नसू. सिंकसॉर्ट या दुसऱ्या सॉर्ट प्रोग्रॅममध्ये 'एक्ससम' लावलं की गाळलेला माल वेगळ्या फाइलीत पडतो. डीएफसॉर्टमध्ये ते नाही, तिथे त्याच्याच आइसटूल या जोडसाधनाचं 'सिलेक्ट' वापरायचं, 'फर्स्ट' आणि 'डिस्कार्ड' देऊन. मग इनपुट किती, आउटपुट किती, डिस्कार्ड किती, बेरीज जुळली पाहिजे. नाही जुळली तर रात्री दोनला फोन.

तुमच्या कामालाही तेच लागू. एक शीट 'कायम', एक शीट 'बाद'. दोन्हींची बेरीज मूळ ओळींइतकी. डिलीट हे बटण या कामात लागतच नाही.

अनघा_के

@जुना_मेनफ्रेमी, 'कोणती राहील' हा खड्डा एक्सेलच्या पॉवर क्वेरीतही (याद्या जोडायच्या-साफ करायच्या साधनात) आहे. आधी तारखेवर उतरता सॉर्ट केलं, मग दुबार काढले, म्हणजे नवीनतम ओळ राहील असं सगळे धरून चालतात. पण पॉवर क्वेरी पायऱ्या स्वतःच्या सोयीने चालवते, दुबार काढताना सॉर्टचा मान राखेलच असं नाही. सॉर्टच्या पायरीभोवती 'टेबल डॉट बफर' घालावं लागतं, म्हणजे सॉर्ट केलेला क्रम पक्का होतो. डेटाबेसवाल्यांना 'रो नंबर' सोपं पडतं: चावीनुसार गट, गटात तारखेनुसार क्रम, आणि ज्याचा क्रमांक १ तो ठेवायचा. निदान कोणता ठेवला आणि का हे लिहिलेलं तरी असतं.

कार्यवाह_गावचा

मेनफ्रेमी साहेब, 'कायम' आणि 'बाद' ही कल्पना फार आवडली. पण अडचण वेगळीच आहे. रजिस्टरच्या ओळीत अनामत रक्कम आणि पावती क्रमांक आहे, मोबाइल नाही. फॉर्मच्या ओळीत मोबाइल आणि नवा पत्ता आहे, अनामतीचा रकानाच नाही. कोणतीही बाद केली तरी काहीतरी जातंच की.

जुना_मेनफ्रेमी

मग बाद करायचं नाही, एकत्र करायचं. रकान्यागणिक ठरवा. अनामत, पावती, प्रवेशतारीख ही रजिस्टरमधून. पत्ता, मोबाइल ताज्या फॉर्ममधून. वर्गणी कुठपर्यंत भरली ते काउंटरवरून. हा ठराव कार्यकारिणीत तोंडी का होईना मांडा, नाहीतर उद्या कोणी म्हणेल कार्यवाहांनी मनाने केलं.

नाशिकची_मिसळ

नावांच्या क्रमाचं काय? आमच्या संस्थेत रजिस्टरला 'कुलकर्णी माधव दिगंबर' आणि फॉर्ममध्ये 'माधव दिगंबर कुलकर्णी'. मी यावर एक युक्ती वाचली होती, नावातले शब्द सुटे करायचे, तेच अकारविल्हे लावायचे आणि पुन्हा जोडायचे. नव्या एक्सेलमध्ये टेक्स्टस्प्लिट, सॉर्ट आणि टेक्स्टजॉइनने होतं (सॉर्ट आडवं करायला सांगायचं). क्रम कुठलाही असो, जुळणीचा रकाना एकच येतो.

शब्दखूळ

ही युक्ती इंग्रजी नावांना ठीक आहे. आपल्याकडे बापलेक एक होतील.

माधव दिगंबर कुलकर्णी. त्यांना मुलगा झाला, आजोबांचं नाव ठेवलं. तो दिगंबर माधव कुलकर्णी. शब्द अकारविल्हे लावले की दोघांची चावी एकच. पत्ता एक, घरचा फोन एक. जुन्या घराण्यांत ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि वाचनालयाचे आजीव सभासद नेमके याच घरांतले. इथे दुबार म्हणून वडिलांना बाद केलंत की झालं.

शब्द हलवायचेच तर फक्त आडनाव हलवा. रजिस्टरची यादी कायम आडनाव आधी अशीच असेल, तर तिच्यातला पहिला शब्द शेवटी न्या. काउंटरची यादी आधीच सरळ असेल. फॉर्मची सरमिसळ असते, तिथे रजिस्टरमधल्या आडनावांची वेगळी यादी करून ताडून बघा, पहिला शब्द त्या यादीत असेल तर हलवा.

नाशिकची_मिसळ

अरे बापरे. आमच्या यादीत हे होऊन गेलं असणार. बघते.

टवाळ_टोपीवाला

श्री., सौ., डॉ. हे पण काढा म्हणजे. नाहीतर अर्धं गाव श मध्ये.

तालुकाकर

काढा, पण जुळणीच्या रकान्यातूनच. त्यात 'कै.' पण असतं. रजिस्टरमध्ये पेन्सिलीने लिहिलेलं कै. टायपिस्टने इमानदारीत टाइप केलेलं असतं. मूळ नावातून ते उडालं की माणूस मतदार यादीत परत येतो.

जुना_मेनफ्रेमी

हा हा. तालुकाकर, हे आमच्या पेन्शनच्या फाइलींतही पाहिलंय.

कार्यवाह_गावचा

जुळणीचा रकाना तयार झाला. आडनाव हलवलं, उपाध्या काढल्या, शब्दखूळ यांनी सांगितलेल्या क्रमाने सगळं केलं. खूप जोड्या आपोआप सापडल्या. आता उरल्यात त्या सुनिल/सुनील, निलेश/नीलेश, हृषीकेश/ऋषिकेश, कुलकर्णी/कुळकर्णी अशा. शिवाय लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुली. प्रत्येक ओळ प्रत्येक ओळीशी ताडून बघायची म्हणजे किती वेळ जाईल?

जुना_मेनफ्रेमी

साडेतीन हजार ओळींच्या जोड्या ६१ लाखांवर जातात. तो रस्ता नको.

यावर १९९५ साली हर्नांडेझ आणि स्टॉल्फो यांनी एक पद्धत मांडली, सोपी आहे. चावीवर सॉर्ट करायचं आणि यादीवरून एक खिडकी सरकवायची, समजा दहा ओळींची. तुलना फक्त खिडकीतल्या ओळींची आपसांत. जोड्या साडेएकतीस हजारांच्या आसपास येतात. यातली गोम अशी की एका चावीवर लांब पडलेली जोडी दुसऱ्या चावीवर जवळ येते. म्हणून एकदा आडनावावर सॉर्ट करून खिडकी फिरवायची, मग मोबाइलवर, मग पत्त्यावर, आणि सगळ्या फेऱ्यांत सापडलेल्या जोड्या एकत्र करायच्या. आडनाव बदललेली मुलगी पहिल्या फेरीत सुटते पण मोबाइलच्या फेरीत सापडते.

इथे मोबाइल वापरायला हरकत नाही, कारण इथे आपण काही बाद करत नाही, फक्त संशयित जोड्या गोळा करतोय.

शब्दखूळ

त्या फेऱ्यांसाठी जुळणीचा आणखी एक ढिला रकाना करा. त्यात सगळ्या दीर्घ वेलांट्या ऱ्हस्व, उकार ऱ्हस्व, ळ चा ल, ण चा न, ष चा श. अनुस्वार आणि परसवर्ण (चंद्रकांत आणि चन्द्रकान्त) एक. हृ आणि ऋ यांना रु. कुलकर्णी-कुळकर्णी, सुनिल-सुनील सगळे एकत्र येतील. अर्थातच नको ती माणसंही एकत्र येतील, म्हणून हा रकाना केवळ संशय घ्यायला.

साउंडेक्स (उच्चारावरून नावं जुळवायची पद्धत) लावा असं कोणी सुचवेल. त्याचं पेटंट १९१८ चं, अमेरिकेतल्या इंग्रजी लिपीतल्या आडनावांसाठी. देवनागरीला ते तसंच चालत नाही, आणि रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी नावांनाही अर्धवटच चालतं. फॉर्म इंग्रजीत भरणाऱ्यांची तर वेगळीच तऱ्हा, सावंत व्ही ने की डब्ल्यू ने हे त्या दिवशीच्या मूडवर.

अनघा_के

संशयित जोड्यांच्या शीटमध्ये निर्णयाचा रकाना ठेवा: एकच / वेगळे / विचारायचे. आणि तो कोणी भरला त्याची आद्याक्षरं. राज्य निवडणूक आयोगानेही २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे द्यायचं ठरवलं, परस्पर नाव उडवायचं नाही. तेच धोरण इथे.

टवाळ_टोपीवाला

दोन तारे म्हणालात, आता धाग्यावर राजकारणाचं भांडण पेटणार. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

संपादक

मतदारयाद्यांच्या राजकारणावर वेगळा धागा आहे. इथे वाचनालयाचंच बोलू या.

कार्यवाह_गावचा

संशयित जोड्यांची छापील प्रत काउंटरवर ठेवली आहे. आमच्या ग्रंथपाल बाई पुस्तक बदलायला येणाऱ्यालाच विचारून घेतात. निम्म्या जोड्या त्यांनी कोणाला न विचारताच सोडवल्या, "हे दोघे सख्खे चुलत भाऊ, एक गावातला, एक वाडीवरचा." बापलेकांच्या जोड्याही निघाल्या, शब्दखूळ. एका घरात तीन पिढ्या.

एक शेवटचा प्रश्न. ते 'बाद' शीट सभा झाल्यावर उडवलं तर चालेल ना? फाइल फार जड झाली आहे.

जुना_मेनफ्रेमी

नाही. वेगळ्या फाइलीत काढा, तारीख घाला, एक प्रिंट दप्तरी लावा. अनामत परत मागायला लोक सभेनंतरच येतात, आणि ऑडिटर पावती क्रमांक विचारेल तेव्हा तो नेमका बाद ओळीतच असेल.